पेटीतले १७३ फ्रँक

प्रश्न थोडक्यात असा. खडकीच्या एका वाचकाला आजीची लोखंडी पेटी आवरताना फ्रान्सची पाच नाणी आणि एक नोट सापडली. कोंबड्याचं चित्र असलेलं २० फ्रँकचं सोन्याचं नाणं, साल १९१०. बी पेरत चाललेली बाई असलेली १ फ्रँकची दोन नाणी, एक १९१३चं, दुसरं १९६०चं. 'बाँ पूर १ फ्रँ' असं लिहिलेलं पिवळं नाणं, १९२२. १०० फ्रँकचं पांढरं नाणं, १९५५. आणि ५० फ्रँकची निळी नोट. घरात सांगतात ते असं, की सोन्याचं आणि जुनी दोन नाणी पणजोबांनी पहिल्या महायुद्धातून आणली (ते खडकीच्या सॅपर, म्हणजे लष्करी बांधकामाच्या, पलटणीत होते), आणि बाकीचं आजीच्या धाकट्या भावाने, ज्यांची साठच्या दशकापासून पॅरिसला ये-जा होती. वाचकांनी सगळ्याची बेरीज केली, १७३ फ्रँक. मोबाइलवर फ्रँकचा आजचा भाव बघितला, गुणाकार केला. आता विचारतात, बदलून कुठे मिळतील? आणि १०० फ्रँकचं नाणं नि १ फ्रँकचं नाणं हुबेहूब एकाच आकाराचं कसं?

बदलून कुठेच मिळणार नाहीत. मोबाइलवर दिसला तो स्विस फ्रँकचा भाव. गेली तीस वर्षं नाण्यांच्या व्यवहारात आहे, आणि ही चूक महिन्यातून एकदा तरी समोर येते. फ्रान्सचा फ्रँक १७ फेब्रुवारी २००२ च्या मध्यरात्री चलनातून गेला. नाणी बदलून द्यायची मुदत २००५च्या फेब्रुवारीत संपली, नोटांची २०१२च्या फेब्रुवारीत. शेवटी ठरलेला दर ६.५५९५७ फ्रँकला १ युरो असा होता.

पण माझा खरा आक्षेप बेरजेवर आहे. तुम्ही नाण्यावरचा आकडा वाचलात, साल वाचलं नाही. फ्रँक हे नाव एक, पण त्या नावाखाली साडेसहाशे वर्षांत निदान चार-पाच वेगवेगळी चलनं होऊन गेली. तुमच्या पेटीत त्यातली तीन आहेत. त्यांची बेरीज म्हणजे शेर, किलो आणि तोळे एका रकान्यात मांडून खाली रेघ ओढण्यासारखं आहे.

पहिला फ्रँक खंडणीसाठी पाडला गेला. १३५६ साली पुआतिएच्या लढाईत इंग्रजांनी फ्रान्सचा राजा ज्याँ दुसरा याला जिवंत पकडून लंडनला नेलं. १३६० साली तह झाला आणि सुटकेची किंमत ठरली 'एक्यू' नावाची ३० लाख सोन्याची नाणी. राजा परतला आणि ५ डिसेंबर १३६० रोजी काँपिएन्य इथून त्याने फर्मान काढलं. मीठ आणि दारूवर कर बसवला आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचं, पावणेचार ग्रॅमहून थोडं जास्त वजनाचं नवं नाणं काढलं. नाण्यावर राजा चिलखत घालून, तलवार उगारून दौडत्या घोड्यावर. फ्रेंचमध्ये 'फ्राँ' म्हणजे मोकळा, स्वतंत्र. सुटून आलेल्या राजाचं नाणं म्हणून ते नाव, असं एक मत. दुसरं मत असं, की काठावर 'फ्रँकांचा राजा' अशी लॅटिन अक्षरं आहेत, त्यावरून पडलं. मला दोन्ही एकदम खरी वाटतात. लोकांना श्लेष तेव्हाही कळत असणार. खंडणी काही पुरी फिटली नाही. ओलीस ठेवलेला मुलगा पळून आला, तेव्हा राजा आपणहून लंडनला परत गेला आणि १३६४ साली तिथेच वारला.

या नाण्याची किंमत एक लिव्र. लिव्र हे हिशोबाचं माप. १ लिव्र म्हणजे २० सू, १ सू म्हणजे १२ दनिये. आपल्या रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पया होत्या, त्याच जातीची ही रचना. पुढे नाणी बदलत गेली. चांदीचा फ्रँक आला, तेराव्या लुईच्या काळात तोही बंद झाला आणि 'लुई' नावाची सोन्याची नाणी आली. पण बोलण्यातून फ्रँक गेला नाही. वहीत लिव्र लिहायचा आणि तोंडाने फ्रँक म्हणायचं, असं दीडशे वर्षं चाललं. हा शब्द राजांनी टिकवला नाही, बाजाराने टिकवला.

मग क्रांती. तिच्या सरकारने चर्चच्या जमिनी ताब्यात घेतल्या आणि त्या तारण ठेवून १७८९च्या डिसेंबरात 'आसिन्या' नावाचे कर्जरोखे काढले. सुरुवातीला त्यांवर व्याज होतं, पुढे ती साधी नोटच झाली. युद्ध आलं, छपाई वाढली, जमीन होती तेवढीच राहिली. सुमारे ४५ अब्ज लिव्रच्या नोटा बाहेर पडल्यावर १७९६च्या फेब्रुवारीत पॅरिसच्या प्लास वाँदोम चौकात छापखान्याचं साहित्य जाहीरपणे जाळलं. आसिन्याचे तुकडे आजही संग्राहकांकडे ढिगाने असतात आणि त्यांना फारसा भाव नाही, याचं कारण हेच.

या राखेतून दुसरा फ्रँक आला, आणि तो पहिल्याचा वारस नव्हे. ७ एप्रिल १७९५ च्या ज्या कायद्याने मीटर आणि ग्रॅम जन्माला घातले, त्याच कायद्यात एक कलम आहे की नाण्याच्या एककाला फ्रँक म्हणावं. त्याच साली ऑगस्टमध्ये त्याचं वजन ठरलं: ५ ग्रॅम, त्यात नऊ दशांश चांदी. फ्रँकचे १० देसिम, १०० साँतिम. म्हणजे फ्रँक हे एक वजनच होतं. फ्रँकची २०० नाणी तराजूत टाकली की बरोबर एक किलो. नवीन वजनं खेडोपाडी पोचायच्या आधी नाणंच वजन म्हणून वापरता यावं, इतका स्वच्छ हिशोब. त्या काळच्या ५ फ्रँकच्या नाण्यांवर साल शोधू नका. 'लाँ ४', 'लाँ ५' असं लिहिलेलं असतं, म्हणजे प्रजासत्ताकाचं चौथं, पाचवं वर्ष. एकाने मला असं नाणं 'इसवी सन ५'चं म्हणून दाखवलं होतं.

नेपोलियनने यात सोनं घातलं. १८०० साली बँक द फ्रान्स निघाली आणि एप्रिल १८०३ मध्ये, क्रांतीच्या पंचांगातल्या जर्मिनाल महिन्यात, कायदा झाला. म्हणून याला जर्मिनाल फ्रँक म्हणतात. चांदीचा फ्रँक ५ ग्रॅमचाच राहिला, सोन्याशी चांदीचं प्रमाण १ ला १५.५ ठरलं, आणि एक किलो नाणेसोन्यातून (नऊ दशांश शुद्ध) २० फ्रँकची १५५ नाणी काढायची असा नियम झाला. म्हणजे प्रत्येक नाणं ६.४५ ग्रॅम, त्यात शुद्ध सोनं ५.८१ ग्रॅम, जवळपास अर्धा तोळा. गंमत बघा: नेपोलियन सम्राट झाला तरी नाण्याच्या एका बाजूला 'सम्राट नेपोलियन' आणि दुसऱ्या बाजूला 'फ्रेंच प्रजासत्ताक' अशी अक्षरं १८०८ पर्यंत पडत होती. १८०९ पासून 'फ्रेंच साम्राज्य' आलं.

त्यानंतर एकशे अकरा वर्षं फ्रँकचं सोनं हललं नाही. राजे आले, पळाले, पुतण्या सम्राट झाला, प्रशियाकडून मार खाल्ला, पॅरिस पेटलं, आणि २० फ्रँकचं नाणं ६.४५ ग्रॅमच. फ्रान्समध्ये आजही या आकाराच्या नाण्याला, त्यावर नेपोलियन असो की कोंबडा, 'नेपोलियन'च म्हणतात. १८५० साली स्वित्झर्लंडने आपला फ्रँक याच वजनावर बेतला. तुमच्या मोबाइलवर भाव दिसला तो या शाखेचा. १८६५ साली फ्रान्स, बेल्जियम, इटली आणि स्वित्झर्लंडने करार करून एकमेकांची नाणी चालवायला सुरुवात केली, मागून ग्रीसही आला. त्यावेळी छोट्या चांदीच्या नाण्यांतली चांदी हजारात ९०० भागांवरून ८३५ केली. तुमचं १९१३चं पेरणारीचं नाणं त्या ८३५चं आहे. चित्र ऑस्कर रोती यांचं, १८९७ पासूनचं. टपाल तिकिटांपासून युरोच्या साँतिमपर्यंत ती बाई पेरतच राहिली.

आपला तेव्हाचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम. जर्मिनाल फ्रँकात ४.५. नुसत्या चांदीवर गेलं तर रुपयाचे २.३८ फ्रँक यायला हवेत. प्रत्यक्षात महायुद्धाआधी पौंडाला १५ रुपये आणि पौंडाला २५.२२ फ्रँक हे दर होते, म्हणजे रुपयाला साधारण १.६८ फ्रँक. फरक का? १८७० नंतर चांदी कोसळली. फ्रान्सने वेळीच ५ फ्रँकची चांदी पाडणं थांबवून फ्रँक सोन्याला बांधला. हिंदुस्थानात टाकसाळी १८९३ पर्यंत लोकांच्या चांदीला खुल्या राहिल्या, तोवर रुपया चांदीबरोबर घसरत गेला. आणि पाँडिचेरीचे फ्रेंच काय वापरत होते? रुपया! १७३६ साली अर्काटच्या नवाबाकडून त्यांनी रुपये पाडायचा परवाना मिळवला होता, आणि पुढे तिथे बँक द लँदोशिनच्या, म्हणजे फ्रेंच इंडोचायना बँकेच्या, नोटाही रुपयांच्याच निघाल्या. 'पाँडिचेरीचा फ्रँक' म्हणून कोणी काही विकायला आणलं तर नमस्कार करून वाटेला लावा.

आता पणजोबा. मुंबई सॅपर्सच्या, म्हणजे तेव्हाच्या थर्ड सॅपर्स अँड मायनर्सच्या, २० आणि २१ नंबरच्या कंपन्या १९१४ साली फ्रान्समध्ये होत्या आणि २८ ऑक्टोबरला न्यूव्ह शापेल गावात घरोघरी लढल्या. त्यामुळे १९१३चा चांदीचा फ्रँक तिथून आला असणं अगदी शक्य आहे. तो तेव्हा चालू नाणं होता. पण १९२२चं पिवळं नाणं त्यांच्या खिशातलं नाही. हिंदी पायदळ १९१५ संपताना फ्रान्समधून मेसोपोटेमियाकडे हललं, घोडदळ राहिलं तेही १९१८ पर्यंतच.

आणि सोन्याच्या कोंबड्याबद्दल मला मोठी शंका आहे. ५ ऑगस्ट १९१४ रोजी फ्रान्सने नोटेच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. पहिली हिंदी तुकडी मार्सेच्या बंदरात उतरली सप्टेंबर अखेरीस. तोपर्यंत सोनं बाजारातून गडप होऊन गाद्यांत, भिंतींत आणि अंगणात गेलं होतं. परक्या शिपायाच्या हाती ते लागणं कठीण. दुसरं म्हणजे १९५१ ते १९६० या काळात बँक द फ्रान्सने हीच कोंबड्याची नाणी पुन्हा पाडून घेतली, आणि त्यांवर साल घातलं १९०७ ते १९१४. याला व्यापारात 'पिने' म्हणतात, त्यावेळचे अर्थमंत्री आंत्वान पिने यांच्यावरून. याच पिनेंनी १९५२ साली सोन्याच्या नेपोलियनशी बांधलेलं आणि वारसाकर माफ असलेलं कर्ज काढलं होतं. म्हाताऱ्या श्रीमंतांच्या उशाशी ते रोखे गोळा झाले, हे ओघानेच आलं. पुन्हा पाडलेल्या नाण्यांचं सोनं जरा तांबूस दिसतं, आणि ती बहुधा कोरी करकरीत असतात. तुम्ही पाठवलेल्या फोटोत रंग लालसर आहे आणि कोंबड्याची पिसं न झिजलेली. तेव्हा, साल वाचा म्हटलं खरं, पण क्वचित सालही फसवतं. हे नाणं आजीच्या पॅरिसवाल्या भावाचं असावं. सोनं मात्र तेवढंच आहे, त्यात खोट नाही.

पिवळ्या नाण्यावर 'बाँ पूर' म्हणजे 'इतक्याला चालेल'. युद्धात चांदीची चिल्लर दडवली गेली, म्हणून गावोगावच्या व्यापारी मंडळांनी कागदी चिठ्ठ्या काढल्या. त्यांचा चिवडा झाला, तेव्हा १९२० पासून सगळ्या मंडळांच्या नावाने तांबे-अ‍ॅल्युमिनियमची ही नाणी निघाली. सरकारी नाणं नव्हे, नाण्याची पावती. ज्या देशाने शंभर वर्षं फ्रँक म्हणजे ५ ग्रॅम चांदी असं घोकलं, त्याच्या लोकांना हातात पावती घेऊन बाजारात जावं लागलं, आणि त्यांना ते टोचलं.

ते टोचणं १९२६च्या जुलैत कळसाला गेलं. युद्धाआधी २५ फ्रँकला मिळणारा पौंड २४०च्या वर गेला. सरकारं आठवड्याआड पडत होती. रेमाँ पुअँकारे पुन्हा पंतप्रधान झाले, कर वाढवले, भाव सावरला, आणि जून १९२८ मध्ये कायद्याने फ्रँक पुन्हा सोन्याला बांधला, पण आधीच्या एक पंचमांशाला: ६५.५ मिलिग्रॅम, ९०० कसाचं सोनं. जुन्या फ्रँकचे २० सू, त्याच्या एक पंचमांश म्हणजे ४. लोकांनी नाव ठेवलं 'चार सूचा फ्रँक'. आपल्याकडे रुपया तीन आण्यांचा झाला म्हणावं तसं. ज्यांनी युद्धात सरकारला कर्ज दिलं होतं, त्यांचे पाचातले चार भाग एका कायद्याने कागदोपत्री गेले.

हा पुअँकारे फ्रँक बाजारात जेमतेम आठ वर्षं टिकला, पण कायद्यात पाय रोवून बसला. १९२९च्या वॉर्सा करारात विमानातलं सामान हरवलं तर किलोमागे २५० फ्रँक भरपाई ठरली, आणि फ्रँकची व्याख्या दिली ती हीच, ६५.५ मिलिग्रॅमची. भारताच्या १९७२च्या हवाई वाहतूक कायद्यातही ते शब्द आले. मुंबईच्या विमानतळावर बॅग हरवणाऱ्याचा हिशोब मेलेल्या फ्रँकमध्ये होत होता म्हणायचा.

दुसऱ्या महायुद्धाचं फार सांगत नाही. जर्मनांनी मार्कला २० फ्रँक असा एकतर्फी दर लादला आणि ताबा ठेवण्याचा खर्च म्हणून दिवसाला ४० कोटी फ्रँक वसूल केले. जर्मनांच्या कलाने चालणाऱ्या, विशी गावातून कारभार करणाऱ्या फ्रेंच सरकारच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नाण्यांवर 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' जाऊन 'काम, कुटुंब, मायभूमी' आलं. १९४५च्या डिसेंबरात आफ्रिकी वसाहतींसाठी वेगळा सीएफए फ्रँक निघाला, तो युरोला बांधलेला अजूनही चालतो. डॉलर १९१४ मध्ये ५.१८ फ्रँकला होता, १९४५च्या शेवटी ११९ला, १९५८च्या शेवटी ४९३ला. जर्मिनाल फ्रँकात २९० मिलिग्रॅम शुद्ध सोनं होतं, ते आता १.८ मिलिग्रॅम उरलं, एकशे एकसष्टावा भाग.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. शार्ल द गॉल सत्तेवर आले, झाक रुएफ या अर्थतज्ज्ञाने आराखडा दिला, पिनेच अर्थमंत्री होते. २७ डिसेंबर १९५८ रोजी ठरलं आणि १ जानेवारी १९६० पासून दोन शून्यं कापली. १०० जुने म्हणजे १ नवा. नव्या फ्रँकात १८० मिलिग्रॅम सोनं. आता कोट्यवधी लोकांच्या खिशातली नाणी एका रात्रीत कशी बदलणार? म्हणून जुनी तशीच चालू दिली, फक्त मोजायची वेगळी. अ‍ॅल्युमिनियमचा १ फ्रँक १ साँतिम म्हणून चालला. जुन्या नोटांवर नवा आकडा छापून त्या पुन्हा सोडल्या. आणि १०० फ्रँकचं नाणं १ फ्रँक म्हणून चालणार होतं, तेव्हा नवीन १ फ्रँकही त्याच मापाचा केला: २४ मिलिमीटर, ६ ग्रॅम. तुमची ती दोन नाणी जुळी नव्हेत, एकाच किमतीची दोन नावं आहेत. चुंबक लावून बघा. १९६०चं निकेलचं आहे, चिकटेल. १९५५चं तांबे-निकेलचं, चिकटणार नाही. आणि त्या बाईचं चित्र १९१३च्या चांदीच्या नाण्यावरून मुद्दाम उचललं, की लोकांना वाटावं चांगले दिवस परत आले.

हे आपल्याला परकं वाटू नये. १ एप्रिल १९५७ रोजी इथे 'नये पैसे' आले आणि १९६४ साली 'नये' गळालं. तिथे 'नुव्हो फ्राँ' १९६० साली आला आणि १९६३ साली 'नुव्हो' गळालं. आपण पन्नास पैशांना आठ आणे म्हणत राहिलो, 'सोळा आणे खरं' अजून म्हणतो. फ्रेंच ५ फ्रँकला 'शंभर सू' म्हणत राहिले, आणि घराची किंमत जुन्या फ्रँकांत सांगणारी म्हातारी माणसं युरो येईपर्यंत भेटत. मला पत्र लिहिणाऱ्या एका फ्रेंच संग्राहकाने २००१ साली एका नाण्याचा भाव 'दोन लाख' लिहिला होता. मी दचकलो. तो जुने फ्रँक म्हणत होता, म्हणजे दोन हजार.

राहिली नोट. आंत्वान द सँतेक्झ्युपेरी या वैमानिक लेखकाची, १९९३ साली आलेली, शेवटच्या मालिकेतली. पहिल्या छपाईत त्यांच्या नावातल्या एका 'ई'वर नको ती मात्रा पडली होती, मागून सुधारली. भिंग घेऊन बघा. मात्रा असेल तर संग्राहक थोडे जास्त देतील, पण थोडेच.

करायचं काय? सोन्याचं नाणं विश्वासू सराफाकडे नेऊन फक्त वजन करून घ्या, ६.४५च्या आसपास भरलं पाहिजे. कस लावायला कानस मारू देऊ नका, आणि कडी डकवून लॉकेट करू नका. विकलंत तर सोन्याच्या भावानेच जाईल. १९२२, १९५५ आणि १९६० या नाण्यांना चहा-वड्याइतकी किंमत आहे, मुलांना द्या. १९१३च्या फ्रँकात चांदी सव्वाचार ग्रॅमही नाही, तोही काही दुर्मीळ नाही, पण पेटीतलं पणजोबांचं म्हणून टिकणारं तेवढं एकच नाणं आहे. ते काळं पडलंय म्हणून चिंचेने घासायचा विचार आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंय. घासू नका.